औषधाच्या खिडकीपाशी

गेल्या पावसाळ्यात एका सरकारी रुग्णालयात औषधांच्या खिडकीसमोर मी एक तास पन्नास मिनिटे उभा होतो. त्याआधी डॉक्टरांनी मला तपासायला जेमतेम चार मिनिटे घेतली होती. तीन खिडक्यांपैकी एकच उघडी होती आणि तिच्यावर 'औषध निर्माण अधिकारी' अशी पाटी होती. आत एकटे गृहस्थ केसपेपर वाचत, मागच्या कपाटापाशी जात, गोळ्यांच्या स्ट्रिपा कात्रीने कापत, वहीत काहीतरी लिहीत आणि पुढचा कागद घेत. रांग जिन्यापर्यंत गेली होती.

माझ्या पुढे साठीच्या एक बाई होत्या. त्यांच्या हातात चार प्रकारच्या गोळ्या पडल्या. त्यांनी जाळीशी वाकून विचारले, "दादा, यातली उपाशीपोटी कंची घ्यायची?" आतल्या गृहस्थांनी केसपेपर परत मागण्यासाठी हात पुढे केला, एवढ्यात मागून कोणीतरी म्हणाले, "अहो मावशी, चला आता. किती वेळ?" ते म्हणणारा मीच होतो. बाई ओशाळल्या, गोळ्या पिशवीत टाकून बाजूला झाल्या. मग माझा नंबर आला. चारपैकी दोन औषधे मिळाली. उरलेल्या दोन नावांभोवती पेनाने गोल काढून कागद परत आला : "ही बाहेरून घ्या."

संस्थांचा इतिहास वाचण्याची मला सवय आहे, त्यामुळे राग शांत झाल्यावर एक प्रश्न उरला. या खिडकीपाशी आपला जो वेळ जातो, तो नेमका कशात जातो? आणि तो नेहमी असाच जात होता का? शोध घेताना लक्षात आले, की त्या एका रांगेत दोन वेगळ्या इतिहासांचे वेळ एकत्र उभे आहेत. ते वेगळे करून पाहिले नाहीत, तर राग चुकीच्या माणसावर निघतो. माझा तसा निघाला होता.

निर्माण करणारा माणूस

पाटीवरच्या शब्दापासून सुरुवात करू. कपाटातली तयार गोळी कापून देणाऱ्या माणसाला 'निर्माण अधिकारी' का म्हणायचे? कारण हे पद जिथून आले, तिथे औषध खरोखरच खिडकीमागे तयार होत असे.

आपल्याकडे वैद्य आणि हकीम औषध सांगत आणि बहुधा देतही स्वतःच. रोग्याची नाडी पाहणारा हात आणि पुडी बांधणारा हात एकच, किंवा फार तर त्याच्या शिष्याचा. युरोपात ही दोन कामे वेगळी करण्याची परंपरा जुनी आहे. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सिसिलीच्या राज्यात वैद्य आणि औषध विकणारा यांचे व्यवसाय कायद्याने वेगळे केले. लिहिणारा एक आणि देणारा दुसरा झाला, की दोघांच्या मध्ये एक कागद येतो. तो कागद वाचायला वेळ लागतो. औषधासाठी वाट पाहण्याचा इतिहास एका अर्थाने या कागदापासून सुरू होतो.

मुंबईत ही पद्धत इंग्रजी वैद्यकाबरोबर रुजली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेले सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालय सुरू झाले. कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शहरात धर्मार्थ दवाखाना चालवला. अशा दवाखान्यांतून आणि पुढे तालुक्याच्या गावी निघालेल्या सरकारी दवाखान्यांतून आपल्या समाजाला एक नवा माणूस भेटला : कंपाउंडर.

कंपाउंडर म्हणजे घटक एकत्र करणारा. डॉक्टर चिठ्ठीवर लॅटिन शब्दांची आखूड रूपे लिहीत. त्यांतून द्रव्य कोणते, किती आणि दिवसातून किती वेळा, हे कंपाउंडरने उलगडायचे. त्याच्यापुढे छोटा तराजू, खल, मापाचा काचेचा पेला आणि बाटल्यांची ओळ असे. वजने ग्रेन आणि ड्रामची, द्रव मापायचे मिनिम, ड्राम आणि औंसात. साठ मिनिमांचा एक ड्राम, आठ ड्रामांचा एक औंस. ग्रेन म्हणजे आजचे सुमारे ६५ मिलिग्रॅम, त्यामुळे बोटाची किंचित चूक रोग्याला महाग पडू शकत असे.

रोगी घरून बाटली आणत. मिक्श्चर भरल्यावर बाटलीच्या अंगावर कागदाची एक पट्टी चिकटवली जाई आणि तिच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक वेळचे औषध. ही साधी युक्ती मला फार महत्त्वाची वाटते. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्यालाही ती पट्टी वाचता येत होती. पुड्यांच्या बाबतीत तर एकेका वेळची पुडी वेगळी बांधलेलीच असे.

या दवाखान्यांतही खोळंबा होता आणि लोक वैतागतही असणार. पण समोरचा माणूस काय करतो आहे, हे खोळंबलेल्याला दिसत होते. खलाचा आवाज येत होता, औषधाचा वास येत होता. वाट पाहण्याच्या काळात आपले औषध घडते आहे, ही जाणीव होती.

वहीत लिहिण्याचा वेळ

खिडकीमागे दुसरे काम चालते ते लिहिण्याचे. रांगेतल्या माणसाला याचा सर्वांत जास्त राग येतो. गोळ्या हातात आहेत, मग हा वहीत काय लिहीत बसला आहे?

या वहीचा इतिहास विषापासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सोमल, म्हणजे आर्सेनिक, उंदीर मारण्यासाठी कोणालाही सहज मिळत असे. १८५१ च्या कायद्याने सोमल विकताना खरेदीदाराचे नाव वहीत नोंदणे बंधनकारक केले. तरीही १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड शहरात अनर्थ झाला. मिठाईत साखरेऐवजी मिसळायची स्वस्त पांढरी भुकटी मागायला आलेल्याला औषधविक्रेत्याच्या मदतनिसाने चुकून सोमलाची भुकटी दिली. दोन्ही भुकट्या पांढऱ्याच. त्या मिठाईने सुमारे वीस माणसे दगावली आणि दोनशेहून अधिक आजारी पडली. विष हाताळणारा माणूस शिकलेला आणि नोंदलेला असावा, ही मागणी त्यानंतर वाढली आणि १८६८ मध्ये तिथे फार्मसीचा कायदा झाला.

मुंबई इलाखा याबाबत मागे नव्हता. विषांच्या विक्रीवर नियंत्रण आणणारा मुंबईचा कायदा १८६६ मधला आहे. पुढे १९०४ मध्ये आणि मग १९१९ मध्ये सबंध देशासाठी विषविषयक कायदे झाले. औषध देणाऱ्याने 'कोणाला, काय, किती' हे लिहून ठेवायचे, या सवयीमागे अशी मेलेली माणसे उभी आहेत. वही भरायला लागणारा अर्धा मिनिट त्यांच्यामुळे आपल्या वाट्याला आला आहे.

अठ्ठेचाळीस सेकंद

विषावर लक्ष ठेवणारे कायदे झाले, पण औषधांचे काय? पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानच्या बाजारात परदेशी औषधांचा पूर आला. त्यांत भेसळीचा आणि कमअस्सल माल पुष्कळ होता. हिवतापावरच्या क्विनीनबद्दलही तक्रारी होत्या. सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९३१ मध्ये अहवाल दिला, औषधांसाठी कायदा हवा आणि औषध देण्याच्या व्यवसायालाही शिस्त हवी असे सांगितले. औषधांचा कायदा १९४० मध्ये झाला. त्याखालचे नियम १९४५ मध्ये आले.

त्या नियमांतला ६५ वा नियम आजही दर औषध दुकानाला लागू आहे. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले पाहिजे. चिठ्ठी लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख असावी. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचे आणि दिल्याची नोंद चिठ्ठीवर करायची. ही यादी वाचताना मला खिडकीमागच्या त्या गृहस्थांच्या हालचाली आठवल्या. मी ज्याला रेंगाळणे म्हणत होतो, त्यातला बराच भाग या नियमात लिहिलेला आहे.

पण नियम पाळायला माणसे हवीत. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीने आरोग्यव्यवस्थेचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यातले एक कोष्टक डोळ्यांपुढून जात नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा सुमारे ४७,५०० डॉक्टर होते, म्हणजे ६,३०० लोकांमागे एक. परिचारिका ७,००० होत्या. आणि शिक्षण घेतलेले फार्मासिस्ट होते ७५. चाळीस लाख लोकांमागे एक! म्हणजे देशभरच्या दवाखान्यांतली औषधे अनुभवावर शिकलेले कंपाउंडरच देत होते.

याच अहवालात दवाखान्यांतल्या गर्दीचेही वर्णन आहे. एका दवाखान्यात दर रोग्याच्या वाट्याला डॉक्टरांचा सरासरी ४८ सेकंदांचा वेळ येत होता, दुसऱ्या एका ठिकाणी सुमारे एक मिनिट. म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यातली गर्दी आणि घाई आजची नाही. स्वतंत्र भारताला ती वारशातच मिळाली.

१९४८ मध्ये फार्मसी कायदा झाला. पाच वर्षे औषधे तयार करण्याचा अनुभव असलेल्या जुन्या कंपाउंडरांना पहिल्या नोंदवहीत जागा मिळाली. नव्यांना अभ्यासक्रम पुरा करणे आवश्यक झाले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत माणसानेच द्यायचे, हे याच कायद्याचे ४२ वे कलम सांगते. स्वतःच्या रोग्यांना औषध देणाऱ्या डॉक्टरांना मात्र त्यातून सूट आहे. ते कलम सगळीकडे अमलात यायला मुदती वाढत वाढत १९८४ साल उजाडले. रांगेतल्या माणसाला खोळंबा नवा नाही. इथे कायदाच छत्तीस वर्षे रांगेत उभा होता.

काम दिसेनासे झाले

याच काळात खिडकीमागे एक मोठा बदल घडला. औषध कारखान्यातून तयार येऊ लागले.

त्याची चाहूल आपल्या देशात लवकर लागली होती. १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून क्विनीनच्या एकेक पैशाच्या पुड्या विकल्या जाऊ लागल्या. मात्रा आधीच मोजून बांधलेली. तिथे डॉक्टर नको, कंपाउंडर नको, तिकीट घेतो तशी पुडी घ्यायची. नंतरच्या काळात गोळी, कॅप्सूल आणि स्ट्रिप यांनी हेच तत्त्व जवळजवळ सगळ्या औषधांना लावले. खल आणि तराजू मागच्या फळीवर गेले. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर ग्रेन आणि ड्रामही हळूहळू गेले. कंपाउंडर हा शब्द फक्त बोलण्यात उरला. पाटीवर 'निर्माण' तेवढे राहिले.

मापणे आणि घोटणे संपले, म्हणजे काम संपले असे रांगेला वाटू लागले. तयार गोळी द्यायला कितीसा वेळ लागतो? पण आता काम आणखी गुंतागुंतीचे झाले होते. एकाच औषधाची वीस कंपन्यांची वीस नावे. दिसायला, उच्चारायला सारखी, पण औषध भलतेच, अशीही नावे. डॉक्टरांचे अक्षर वाचायचे, नावामागचे औषध ओळखायचे, मात्रा तपासायची, दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन नावांनी लिहिले आहे का ते पाहायचे, वापराची तारीख उलटली आहे का ते पाहायचे. २०१६ मध्ये वैद्यक परिषदेने डॉक्टरांनी औषधे मूळ नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असा नियम केला. असा नियम करावा लागला, यावरूनच चिठ्ठी वाचायला किती वेळ जात असेल त्याची कल्पना येते.

नोंदीही वाढल्या. अँटिबायोटिक्स वाटेल तशी घेतली गेल्याने जंतू त्यांना दाद देईनासे झाले, म्हणून मार्च २०१४ पासून ४६ औषधांची वेगळी यादी लागू झाली. त्यांत काही जहाल अँटिबायोटिक्स आणि क्षयाची औषधे आहेत. ती देताना डॉक्टर, रोगी, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची.

हे सगळे काम डोळ्यांनी आणि डोक्याने होते. त्याला आवाज नाही, वास नाही. जाळीबाहेरून पाहिले, तर एक माणूस कागदाकडे बघत नुसता उभा असलेला दिसतो.

जे तपासलेच गेले नाही

तपासायला लागणारा वेळ वाचवला तर काय होते, याचे उत्तर मुंबईच्या इतिहासातच आहे. १९८६ च्या आरंभी जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले रोगी एकामागून एक दगावू लागले. डोक्यातला किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी वापरायचे हे साधे द्रव्य. पुरवठा झालेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष होते. चौदा माणसे गेली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने जे उकरून काढले, त्यात खरेदीची पद्धत, औषधांवर देखरेख ठेवणारे प्रशासन आणि मंत्रालय यांतले कोणीच सुटले नाही. याच विषाने १९३७ मध्ये अमेरिकेत शंभरावर बळी घेतले होते. ते ओळखण्याची रीत तेव्हापासून माहीत होती.

ही औषधे बाह्यरुग्णांच्या खिडकीतून गेलेली नव्हती, वॉर्डात दिली गेली होती. तरी खिडकीचा विचार करताना ती आठवतात, कारण खिडकी ही एका लांब साखळीची शेवटची कडी आहे. मागणी नोंदवणे, निविदा काढणे, माल घेणे, तपासणे, पोचवणे हे सारे तिच्या मागे आहे. महाराष्ट्राने २०१७ पासून ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली आणि २०२३ मध्ये त्यासाठी वेगळे प्राधिकरण स्थापन करणारा कायदा केला. तमिळनाडूने असे महामंडळ १९९४ मध्येच काढले होते. या साखळीत कुठेही गाठ बसली, तर ती दिसते मात्र खिडकीवर, "बाहेरून घ्या" या दोन शब्दांत. दोन तास उभे राहून हे शब्द ऐकणाऱ्याचा राग साहजिक आहे. पण ते शब्द उच्चारणाऱ्या माणसाने निविदा काढलेली नसते.

दोन वेळा, एक रांग

माझ्या त्या एकशे दहा मिनिटांचा हिशेब आता मला असा मांडता येतो. माझा कागद आत गेल्यापासून औषधे हातात पडेपर्यंत तीनेक मिनिटे गेली. वाचणे, शोधणे, कापणे, लिहिणे यांत गेलेला तो औषधाचा वेळ. ब्रॅडफर्डपासून जे. जे. पर्यंतच्या अनुभवाने तो आपल्यासाठी मिळवला आहे. तो कमी नाही, उलट वाढायला हवा. उरलेली एकशे सात मिनिटे व्यवस्थेची होती. बंद दोन खिडक्यांची, न भरलेल्या जागांची, सगळ्यांना एकाच सकाळी बोलावणाऱ्या वेळापत्रकाची. ज्याला खाजगी दुकानात जाणे परवडते, तो ती मिनिटे पैसे देऊन चुकवतो. ज्याला परवडत नाही, तो अर्ध्या दिवसाच्या मजुरीने भरतो.

अडचण अशी, की रांग वाढली आणि लोक ओरडू लागले, की कापला जातो तो पहिला वेळ. बंद खिडकी उघडणे खिडकीमागच्या माणसाच्या हातात नसते. कागदावरून नजर भराभर फिरवणे, वही नंतर भरणे आणि विचारणाऱ्याला उत्तर न देणे एवढेच त्याच्या हातात असते. आपल्या ओरडण्याने रांग थोडी लवकर सरकते, पण ती किंमत आपल्या पुढे उभा असलेला रोगी देतो.

त्या दिवशी त्या बाईंनी वीस-पंचवीस सेकंद मागितले होते. भोर समितीने मोजलेल्या ४८ सेकंदांच्या निम्मे. आतला माणूस ते द्यायला तयार होता, त्याने हात पुढे केला होता. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात अक्षरओळख नसलेल्या बाईला खाचांची पट्टी लावलेली बाटली मिळाली असती आणि घरी गेल्यावर कोणाला विचारावे लागले नसते. या बाईंच्या पिशवीत चार कापलेल्या स्ट्रिपा होत्या. त्यांच्यावरची बारीक अक्षरे इंग्रजीत होती आणि कात्रीने नाव मधोमध कापले गेले होते. त्यांतली उपाशीपोटी घ्यायची कोणती, हे त्यांना कोणी सांगितले का, मला माहीत नाही.

पुढच्या महिन्यात मी परत त्याच खिडकीशी गेलो. खिडक्या तीन होत्या आणि उघडी एकच. मी त्या गृहस्थांना काही बोललो नाही. मात्र जाताना कार्यालयात थांबून अर्ज दिला : दुसरी खिडकी उघडावी, आणि औषध कसे घ्यायचे ते समजावून सांगायला शेजारी एक माणूस बसवावा. अर्जाची पोच मिळायला चाळीस मिनिटे लागली. त्या वेळी मात्र मी मनातल्या मनातच चरफडलो.